मुदत संपत आलेलं आयटी सर्टिफिकेशन नवीन व्हर्जनवर कसं न्यायचं

मुदत संपत आल्याचा मेल आला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. एखादा चाळीस तासांचा व्हिडिओ कोर्स घेतात आणि पहिल्या धड्यापासून पाहायला बसतात. आठवड्याभरात कंटाळा येतो, कारण त्यातलं अर्ध्याहून जास्त रोजच्या कामात हाताखालून गेलेलं असतं. मग व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवले जातात आणि जो थोडासा भाग खरोखर नवीन असतो, तोही त्याच वेगात निसटतो.

रिन्यूअलचा अभ्यास पहिल्या परीक्षेसारखा करायचा नसतो. जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमातला फरक काढायचा, तो पक्का करायचा आणि जिथे तंत्रज्ञान बदललं आहे तिथली आपली जुनी उत्तरं डोक्यातून काढायची. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड असतं, विशेषतः अनुभवी माणसाला. पण त्याच्याही आधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे हे सर्टिफिकेशन ठेवायचं तरी का? वेगवेगळ्या कंपन्यांची रिन्यूअल्स केल्यावर जो क्रम मला कामाचा वाटला तो खाली देतो. पहिल्या दोन पायऱ्या एका बैठकीत होतात. चौथी आणि पाचवी उरकू नका.

१. तुमच्याकडे काय आहे ते एका जागी लिहा

एक साधी स्प्रेडशीट पुरेशी आहे. प्रत्येक सर्टिफिकेशनसाठी एक ओळ करा आणि तिच्यात एवढं भरा:

– सर्टिफिकेशनचं पूर्ण नाव आणि तुम्ही दिलेल्या परीक्षेचा कोड. कोड महत्त्वाचा, कारण नाव तेच राहतं आणि कोड बदलतो.
– पास झाल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख.
– उमेदवार क्रमांक. सर्टिफिकेशन देणाऱ्या कंपनीचा वेगळा असतो आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा वेगळा.
– ज्या ईमेलवर खातं आहे तो पत्ता.
– त्या खात्यावर तुमचं नाव नेमकं कसं लिहिलं आहे, आणि ओळखपत्रावर कसं आहे.
– वार्षिक शुल्क असेल तर ते कधी भरायचं.

सर्टिफिकेटची पीडीएफ, गुणपत्रक आणि डिजिटल बॅजची लिंक याच फोल्डरमध्ये टाका.

ईमेलचा रकाना किरकोळ वाटतो, पण सगळ्यांत मोठा सापळा तिथेच आहे. पहिली परीक्षा अनेकांनी ऑफिसच्या ईमेलवर नोंदवलेली असते, कारण व्हाउचर (परीक्षेच्या शुल्काचं कूपन) ऑफिसने दिलेलं असतं. नोकरी बदलली की तो पत्ता बंद होतो. मग मुदत संपत असल्याचे मेल मिळत नाहीत, पासवर्ड बदलता येत नाही आणि कधीकधी दुसरं खातं उघडलं जातं, ज्यावर जुन्या परीक्षांचा मागमूस नसतो. नोकरीत असतानाच खात्यावर खासगी ईमेल जोडून ठेवा. दोन खाती आधीच झाली असतील तर ती एकत्र करण्याची विनंती आजच पाठवा. हे काम सपोर्टचा माणूस हाताने करतो, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते होईल या भरवशावर राहू नका.

२. नियम कोणत्या प्रकारचे आहेत ते ओळखा

‘सर्टिफिकेशन तीन वर्षं चालतं’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण ते सगळ्यांना लागू नाही. ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार व्हर्जनला बांधलेला. ओरॅकलची जावा सर्टिफिकेशन्स या प्रकारात येतात. जावा एसई ८ चं सर्टिफिकेट कधी रद्द होत नाही. ते फक्त जुनं दिसायला लागतं. जावा एसई ११ वर जाताना जुन्या सर्टिफिकेटवाल्यांसाठी वेगळी अपग्रेड परीक्षा होती. १७ आणि २१ साठी मात्र थेट एकच परीक्षा द्यायची. या प्रकारात घाई नसते, पण आठवण करून देणारंही कोणी नसतं.

दुसरा प्रकार ठरावीक मुदतीचा, आणि रिन्यू करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे पुन्हा परीक्षा. एडब्ल्यूएसची (अमेझॉनची क्लाउड सेवा) मुदत तीन वर्षं. गूगल क्लाउडची प्रोफेशनल पातळी दोन वर्षं, असोसिएट तीन. रेड हॅटचं आरएचसीएसए हे लिनक्सचं सर्टिफिकेशन तीन वर्षं. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या सीकेएस या परीक्षेची मुदत पहिल्यापासून दोन वर्षं आहे, सीकेए आणि सीकेएडी यांची मात्र आधी तीन वर्षं होती. १ एप्रिल २०२४ पासून पास होणाऱ्यांसाठी ती दोन वर्षांवर आली. तुमच्या मित्राचं सीकेए तीन वर्षं चाललं म्हणून तुमचंही चालेल असं नाही.

तिसरा प्रकार क्रेडिट जमा करण्याचा, म्हणजे कोर्स, परिषदा अशा गोष्टींतून मिळणारे गुण साठवण्याचा. कॉम्पटिया, सिस्को (नेटवर्किंग), आयएससी२ (सुरक्षा) आणि आयसाका (आयटी ऑडिट) यांच्याकडे हा मार्ग आहे. त्याबद्दल सातव्या पायरीत.

चौथा प्रकार म्हणजे छोटं ऑनलाइन मूल्यमापन. मायक्रोसॉफ्टने २०२१ च्या जूनपासून आपली रोल-बेस्ड (ठरावीक कामाच्या भूमिकेसाठीची) सर्टिफिकेशन्स एका वर्षाच्या मुदतीची केली. पण रिन्यूअल मोफत आहे, मायक्रोसॉफ्ट लर्नवर घरबसल्या देता येतं आणि निरीक्षक नसतो. मुदत संपायच्या सहा महिने आधी खिडकी उघडते. नापास झालात तर पुन्हा देता येतं. दुसऱ्या प्रयत्नासाठी थांबावं लागत नाही, त्यानंतरच्या प्रत्येक प्रयत्नाआधी चोवीस तास थांबावं लागतं. फंडामेंटल्स पातळीच्या सर्टिफिकेशनला मुदतच नाही. सेल्सफोर्सचं रिन्यूअलही असंच ऑनलाइन आहे, तिथे ट्रेलहेड या त्यांच्या शिकण्याच्या साइटवर दर वर्षी मेंटेनन्स मॉड्यूल पूर्ण करायचं असतं.

चौथ्या प्रकारातली सोय फसवी आहे. मोफत आणि सोपं म्हणून लोक ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, मग तो आठवडा कामात जातो आणि मुदत उलटली की पूर्ण परीक्षा पैसे भरून पुन्हा द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टचा नियम याबाबत स्वच्छ आहे, सवलतीचे दिवस नाहीत.

३. ठेवायचं, वरच्या पातळीवर न्यायचं की सोडायचं

सगळी सर्टिफिकेशन्स जिवंत ठेवण्याची गरज नसते. ज्या तंत्रज्ञानावर तुम्ही दोन वर्षांत हात ठेवलेला नाही आणि पुढेही ठेवणार नाही, त्याचं सर्टिफिकेशन संपू द्या. बायोडेटामध्ये ‘अमुक साली मिळवलं’ असं लिहिता येतं आणि ते खोटं नसतं. फक्त ‘सध्या वैध’ असा आव आणू नका. पडताळणीची लिंक कुणीही उघडून पाहू शकतं.

काही वेळा निर्णय तुमच्या हातात नसतोच, कारण सर्टिफिकेशनच बंद होतं. मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई हे अनेक वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिनच्या बायोडेटाचं पहिलं ओळखपत्र होतं. एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसई या तिन्हींच्या परीक्षा ३१ जानेवारी २०२१ ला थांबल्या आणि त्यांना सरळ पुढची पायरी अशी नव्हतीच. विंडोज सर्व्हर सांभाळणाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे जायचं की सिक्युरिटीकडे, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. एडब्ल्यूएसनेही २०२४ मध्ये डेटाबेस, डेटा अ‍ॅनालिटिक्स आणि सॅप या स्पेशालिटी परीक्षा बंद केल्या. मायक्रोसॉफ्टची डेटा इंजिनिअरची डीपी-२०३ परीक्षा ३१ मार्च २०२५ ला संपली आणि त्या कामासाठी फॅब्रिक या मायक्रोसॉफ्टच्याच डेटा प्लॅटफॉर्मवर आधारलेली डीपी-७०० समोर आली. म्हणून रिन्यूअलच्या तयारीला लागण्याआधी त्या कंपनीच्या ‘बंद होणाऱ्या परीक्षा’ या पानावर एक नजर टाका. बंद होऊ घातलेलं सर्टिफिकेशन रिन्यू करायला महिना घालवणं शहाणपणाचं नाही.

वरच्या पातळीवर न्यायचा पर्याय लोक विसरतात. वरच्या पातळीची परीक्षा दिली की खालचं आपोआप रिन्यू होतं, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. एडब्ल्यूएसमध्ये सोल्यूशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल पास झालात की असोसिएटची मुदतही वाढते. डेव्हऑप्स इंजिनिअर प्रोफेशनलने डेव्हलपर असोसिएटची वाढते. सिस्कोत सीसीएनपी या वरच्या पातळीची कोअर (मुख्य) परीक्षा खालच्या सीसीएनएलाही जिवंत ठेवते. कॉम्पटियातही वरचं सर्टिफिकेशन खालच्याला ओढून नेतं. तीन वर्षं त्याच कामात काढलेल्या माणसाने तीच असोसिएट परीक्षा पुन्हा देण्यापेक्षा वरची द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. श्रम जास्त पडतात, पण तेवढ्या श्रमात हातात काहीतरी नवीन येतं. मात्र खालच्याची मुदत संपायच्या आत वरची परीक्षा पास व्हायला हवी. त्यात एका नापास प्रयत्नाची आणि त्यानंतरच्या सक्तीच्या थांब्याची जागा धरा. एडब्ल्यूएसमध्ये हा थांबा चौदा दिवसांचा आहे.

४. नेमकं काय बदललं ते काढा

आता खरं काम. कंपनीच्या साइटवरून नव्या परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम उतरवून घ्या. कुठे त्याला एक्झाम गाइड म्हणतात, कुठे ऑब्जेक्टिव्हज, कुठे ब्लूप्रिंट. तुम्ही दिलेल्या जुन्या परीक्षेचा अभ्यासक्रमही शोधा. दोन्ही शेजारी ठेवा आणि नव्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे एक खूण करा:

‘तसाच’ म्हणजे जुन्यातही होता आणि मी तो कामात वापरतो.
‘गंजलेला’ म्हणजे जुन्यात होता, पण मी तेव्हापासून हात लावलेला नाही.
‘नवा’ म्हणजे जुन्यात नव्हताच.
‘पालटलेला’ म्हणजे जुन्यात होता, नव्यातही आहे, पण उत्तर बदललं आहे.

आणखी एक यादी करा, नव्या अभ्यासक्रमातून गायब झालेल्या मुद्द्यांची. ती अभ्यासासाठी नाही. कंपनीच्या मते कुठलं काम संपत चाललं आहे, ते त्या यादीतून कळतं.

काही कंपन्या हा फरक स्वतःच देतात. मायक्रोसॉफ्टच्या स्टडी गाइडच्या शेवटी बदलांचा तक्ता असतो, आणि कुठला बदल किरकोळ, कुठला मोठा तेही लिहिलेलं असतं. तो पाहा, पण फक्त त्यावर थांबू नका. तो मागच्या सुधारणेपासूनचा फरक असतो आणि तुम्ही परीक्षा दिल्यावर मध्ये अनेक सुधारणा होऊन गेलेल्या असू शकतात.

प्रत्येक भागाचं वजनही पाहा. टक्केवारी बदलली असेल तर परीक्षेचा रोख बदलला आहे. सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० ला सगळी व्यवस्था पालटली, तेव्हा सीसीएनएच्या अनेक शाखा जाऊन एकच २००-३०१ परीक्षा आली आणि त्यात ऑटोमेशनचा स्वतंत्र भाग आला. वर्षानुवर्षं कमांड लाइनवर राउटर कॉन्फिगर केलेल्या माणसाला रेस्ट एपीआय (प्रोग्रॅममधून उपकरणाशी बोलण्याची पद्धत) आणि जेसन (माहिती लिहिण्याचा साचा) वाचता यायला हवं झालं. रेड हॅटने त्याहून मोठी उडी मारली. आरएचसीई ही पूर्वी सर्व्हरवर सेवा उभ्या करण्याची परीक्षा होती. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ पासून ती सर्व्हर आपोआप कॉन्फिगर करणाऱ्या अ‍ॅन्सिबलची परीक्षा झाली. नाव तेच, प्रतिष्ठा तीच, पण आतलं काम पूर्ण वेगळं. अशा वेळी ‘मी रिन्यू करतोय’ हा विचारच सोडा. ती नवी परीक्षा आहे असं समजून वेळ काढा.

५. जुनी बरोबर उत्तरं शोधून काढा

वरच्या चार खुणांपैकी ‘पालटलेला’ ही खूण असलेले मुद्दे सगळ्यांत धोक्याचे. नवीन मुद्दा आपल्याला येत नाही हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण तो वाचतो. पालटलेला मुद्दा येतो असं वाटतं, म्हणून वाचत नाही. परीक्षेतही चार पर्यायांत आपलं जुनं उत्तर ओळखीचा चेहरा घेऊन बसलेलं असतं, कारण प्रश्न काढणाऱ्यालाही ते माहीत असतं.

काही खरी उदाहरणं देतो, म्हणजे कुठल्या प्रकारची गोष्ट शोधायची ते कळेल.

एडब्ल्यूएसच्या एस३ या फाइल साठवण्याच्या सेवेत एखादी फाइल बदलून लगेच वाचली तर जुनी प्रत मिळू शकते, हे एके काळी पाठ असायचं. डिसेंबर २०२० पासून एस३ लिहिल्याबरोबर ताजी प्रतच देतं. एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, हेही ५ जानेवारी २०२३ नंतरच्या फाइल्सबाबत खरं राहिलेलं नाही. त्याच वर्षी एप्रिलपासून नव्या बकेटवर (एस३ मधल्या फाइल्सच्या कप्प्यावर) सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद असतो. तीन वर्षांत तीन ठिकाणी उत्तर फिरलं, आणि सेवा तीच.

कुबरनेटीसमध्ये डॉकरशिम (डॉकरशी जोडणारा दुवा) मे २०२२ मध्ये, १.२४ व्या व्हर्जनमध्ये काढून टाकलं. पॉड सिक्युरिटी पॉलिसी (कंटेनरवरचे सुरक्षेचे नियम) त्याच्या पुढच्याच, १.२५ मध्ये गेली आणि तिच्या जागी पॉड सिक्युरिटी अ‍ॅडमिशन आलं. ज्यांनी सीकेएस जुन्या व्हर्जनवर दिली होती, त्यांचा एक अख्खा धडा बाद झाला. कुबरनेटीसची साधारण तीन व्हर्जन्स दर वर्षी येतात आणि परीक्षाही त्यांच्या मागोमाग सरकते, त्यामुळे तिथे हे सतत चालू असतं. सीकेएच्या २०२५ च्या अभ्यासक्रमात गेटवे एपीआय, हेल्म आणि कस्टमाइझ आले ते असेच.

सुरक्षेच्या परीक्षांत जुन्या सवयी आणखी खोल असतात. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावा, हे आपल्या पिढीला शिकवलेलं सूत्र. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते उलटवलं आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच बदलायला लावू नका असं सांगितलं. प्रत्यक्षात कित्येक ऑफिसांत अजून जुनाच नियम चालतो. त्यामुळे ‘आमच्याकडे असंच करतात’ हे परीक्षेत उत्तर म्हणून चालत नाही.

नुसती नावंही बदलतात. अझूर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी झालं. काम तेच, पण प्रश्नात नवं नाव आलं की माणूस दोन सेकंद अडखळतो, आणि असे दहा प्रश्न आले तर वेळ जातो. जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची छोटी यादी करून ठेवा.

हे मुद्दे शोधायचे कुठे? व्हिडिओ कोर्समध्ये ते सहसा मिळत नाहीत, कारण कोर्स नवशिक्यासाठी असतो आणि त्याला जुनं उत्तर माहीतच नसतं. कंपनीच्या रिलीज नोट्स आणि ‘नवीन काय’ ही पानं तुमच्या मागच्या परीक्षेच्या तारखेपासून पुढे चाळा. सगळं वाचायला बसू नका. ‘आता मुळात’, ‘काढून टाकलं’, ‘ऐवजी वापरा’ अशा अर्थाचे शब्द जिथे दिसतील तिथेच थांबा. दोन-तीन बैठकांत तुमच्या हातात असा कागद येईल जो कुठल्याही कोर्समध्ये विकत मिळत नाही.

६. तारीख ठरवा

नवी परीक्षा सुरू झाल्यावर अनेकदा जुनी काही महिने चालू राहते. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसची नवी आवृत्ती एसवाय०-७०१ नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि जुनी ६०१ जुलै २०२४ पर्यंत देता येत होती. अशा काळात कुठली द्यायची? तयारी जवळजवळ झालेली असेल तर जुनी देऊन मोकळे व्हा. शून्यापासून सुरुवात करत असाल तर नवी. नवीन परीक्षेच्या पहिल्या काही आठवड्यांत चांगल्या सराव चाचण्या नसतात, हे धरून चाला.

बीटा परीक्षा, म्हणजे नव्या परीक्षेची अधिकृत होण्याआधीची चाचणी आवृत्ती, स्वस्त असते, पण निकाल लगेच मिळत नाही. काही आठवडे थांबावं लागतं. मुदत तोंडावर आली असेल तर बीटाच्या वाटेला जाऊ नका.

लवकर रिन्यू केलं तर उरलेली मुदत वाया जाते का? हे कंपनीवर आहे. मायक्रोसॉफ्ट आणि कॉम्पटिया नवी मुदत जुन्या मुदतीच्या शेवटापासून मोजतात, म्हणजे लवकर केल्याने काहीच तोटा नाही, खिडकी उघडल्याबरोबर करून टाका. एडब्ल्यूएस पास झाल्याच्या दिवसापासून मोजतं. तिथे सहा महिने आधी दिलीत तर तेवढे महिने गेले. तरीही शेवटच्या आठवड्यावर जाऊ नका. दोन महिने हाताशी ठेवून तारीख घ्या.

७. क्रेडिटचा मार्ग असेल तर

सीसीएनएला तीन वर्षांत ३० क्रेडिट्स लागतात, सीसीएनपीला ८०, सीसीआयईला १२०. कॉम्पटियात ए प्लसला २०, नेटवर्क प्लसला ३०, सिक्युरिटी प्लसला ५०, आणि शिवाय वार्षिक शुल्क. आयएससी२ च्या सीआयएसएसपीला आणि आयसाकाच्या सीआयएसएला तीन वर्षांत १२०. सीआयएसएला दर वर्षी किमान २० ची अटही आहे, त्यामुळे तिसऱ्या वर्षी सगळे एकदम गोळा करू म्हटलं तर चालत नाही.

क्रेडिट्स कोर्स, परिषदा, वेबिनार, शिकवणं, लिहिणं अशा गोष्टींतून मिळतात. सिस्को अधूनमधून मोफत कोर्सही देते. त्यातून एकही परीक्षा न देता बरीच क्रेडिट्स सुटतात. पण तीन सापळे आहेत. कोर्स कुठल्याही ठिकाणी केलेला चालत नाही, मान्य यादीत आहे का ते आधी पाहा. एकच कोर्स दोन सर्टिफिकेशनसाठी लावता येतो का, त्याचा नियम प्रत्येक संस्थेचा वेगळा आहे. आणि पुरावा जपून ठेवा. आयएससी२ आणि आयसाका काही सदस्यांची नोंद तपासायला मागवतात, तेव्हा ‘वेबिनार ऐकला होता’ म्हणून भागत नाही. उपस्थितीचं प्रमाणपत्र, तारीख आणि तास लागतात. वेबिनार संपला की त्याच दिवशी फोल्डरमध्ये टाका आणि पोर्टलवर नोंदवा.

क्रेडिट पूर्ण आहेत पण शुल्क थकलं आहे, अशा अवस्थेतही सर्टिफिकेशन निलंबित होऊ शकतं.

मला हा मार्ग आवडतो का? सोय म्हणून हो. पण वेबिनार मागे लावून दुसरं काम करत जमवलेल्या पन्नास क्रेडिट्सनी तुम्हाला नवीन काही येत नाही. चौथ्या आणि पाचव्या पायरीतली यादी क्रेडिटवाल्यांनीही करावी, आणि कोर्स त्या यादीतल्या ‘नवा’ आणि ‘पालटलेला’ या खुणांवरून निवडावेत.

८. सराव

‘नवा’ खूण असलेला प्रत्येक मुद्दा हाताने करून पाहा. क्लाउडसाठी वेगळं खातं उघडा, खर्चाची सूचना आधी लावा आणि काम झालं की सगळं पाडून टाका. ऑफिसच्या खात्यावर प्रयोग करू नका. लिनक्स आणि कुबरनेटीससाठी लॅपटॉपवरची व्हर्च्युअल मशीन पुरते. सीकेए घेतलीत तर नोंदणीबरोबर सिम्युलेटरची दोन सत्रं आणि एक मोफत पुनर्परीक्षा मिळते. सिम्युलेटर खऱ्या परीक्षेपेक्षा कठीण आहे, तिथले कमी गुण पाहून घाबरू नका.

सराव चाचणी अगदी सुरुवातीला एकदा द्या, काहीही न वाचता. ‘तसाच’ अशी खूण केलेल्या मुद्द्यात तुम्ही चुकलात तर ती खूण बदला. दुसरी चाचणी शेवटच्या आठवड्यासाठी राखा.

डंप हा शब्द तुमच्या कानावर येईलच. चोरलेले खरे प्रश्न म्हणून जे विकतात ते वापरणं परीक्षेआधी तुम्ही मान्य केलेल्या गोपनीयतेच्या कराराविरुद्ध आहे. पकडलं गेलं तर सर्टिफिकेशन रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. शिवाय व्यवहाराचा मुद्दा आहेच. डंपमधली उत्तरं कुणीतरी अंदाजाने भरलेली असतात आणि बहुतेकदा मागच्या व्हर्जनची असतात. म्हणजे पाचव्या पायरीत जी जुनी उत्तरं तुम्ही डोक्यातून काढली, तीच पैसे देऊन परत भरून घेताय.

९. परीक्षेचा दिवस

केंद्रावर जाणार असाल तर फार काही सांगण्यासारखं नाही. ओळखपत्र मूळ आणि मुदतीतलं हवं. नाव नोंदणीतल्या नावाशी जुळायला हवं. मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, लग्नानंतर बदललेलं आडनाव, अशा कारणांनी लोकांना दारातून परत पाठवलं जातं. दुरुस्ती आधीच करून घ्या.

घरून देणार असाल तर जास्त काळजी हवी. ऑफिसचा लॅपटॉप टाळा. त्यावरचं व्हीपीएन, फायरवॉल आणि सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेच्या सॉफ्टवेअरला अडवतं आणि ते बंद करण्याचा अधिकार तुमच्याकडे नसतो. सिस्टिम चाचणी आदल्या दिवशी करा, त्याच मशीनवर, त्याच नेटवर्कवर, परीक्षेच्या वेळेच्या आसपास. दुसरा मॉनिटर काढून टाका, टेबल रिकामं करा. खोलीचे फोटो काढून पाठवावे लागतात. प्रश्न मोठ्याने वाचायची सवय असेल तर ती आधीच मोडा, ओठ हलले तरी निरीक्षक हटकतो. मध्येच कुणी खोलीत आलं तर परीक्षा थांबवली जाऊ शकते. ज्यांच्या घरी बंद दाराची खात्री नाही त्यांनी सरळ केंद्र निवडावं.

१०. पास झाल्यावर लगेच

खात्यात जाऊन नवी मुदत दिसते का ते पाहा. वरची परीक्षा दिली असेल तर खालच्याचीही मुदत वाढली का ते वेगळं तपासा. काही दिवसांत नाही दिसली तर सपोर्टला लिहा, परीक्षेचा क्रमांक सोबत द्या. बॅज स्वीकारा आणि नवी पीडीएफ फोल्डरमध्ये टाका. एडब्ल्यूएस पास झालेल्यांना पुढच्या परीक्षेवर निम्म्या शुल्काची सवलत देतं, ती खात्यात पडून राहते आणि लोक विसरतात. पुढच्या रिन्यूअलची खिडकी उघडण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, संपण्याची नव्हे.

स्प्रेडशीटमध्ये परीक्षेचा नवा कोड लिहा आणि नव्या अभ्यासक्रमाची पीडीएफ आत्ताच जतन करा. कंपन्या जुने अभ्यासक्रम साइटवरून काढून टाकतात आणि पुढच्या वेळी चौथ्या पायरीला तुम्हाला नेमका हाच कागद लागेल.

मुदत आधीच उलटून गेली असेल तर

आधी त्या संस्थेकडे सवलतीचे दिवस आहेत का ते पाहा. आयएससी२ देतं, मायक्रोसॉफ्ट देत नाही. सवलत नसेल तर सगळं गेलं असं समजू नका. पूर्ण परीक्षा द्यावी लागेल, पण वरची फरकाची यादी तेवढीच उपयोगी पडते, आणि अट नसेल तर सरळ वरच्या पातळीची परीक्षा घ्या. एडब्ल्यूएसमध्ये प्रोफेशनलसाठी आधी असोसिएट असण्याची सक्ती नाही. सिस्कोत सीसीएनपीसाठी सीसीएनएची सक्ती नाही. रेड हॅटमध्ये मात्र आरएचसीईला आरएचसीएसए लागतंच, तेव्हा तिथे खालून सुरुवात करा.